जागा राखून ठेवता का? जळगावातल्या एका सहनिवासाचं परीक्षण

जळगाव शहराच्या कडेला एक छोटी संस्था भाड्याची दोन घरं चालवते. एक बायकांचं, एक पुरुषांचं, दोन्हीकडे पाच-पाच जण. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, जुनं नैराश्य अशा आजारातून सावरलेली, गोळ्या चालू असलेली, पण परत जायला घर नसलेली किंवा घर असून त्यात जागा नसलेली माणसं इथं राहतात. महिन्याला 6,500 रुपये, अनामत 10,000. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर खाली तक्रारी आहेत आणि संस्था लहान आहे. दुसरं म्हणजे राहणाऱ्यांची ओळख जपायची म्हणून त्यांनी दारावर पाटी लावलेली नाही, ती इथं कशाला लावायची?

अशा घरात जाताना लोक फरशी बघतात, संडास बघतात, जेवणाचं विचारतात. बघायलाच हवं, पण ते नंतर. आधी एक प्रश्न विचारा: आजार उलटला आणि माणूस महिनाभर दवाखान्यात राहिला, तर परत आल्यावर त्याची कॉट त्याचीच असेल का? या संस्थेच्या नियमांच्या कागदावर उत्तर आहे 15 दिवस. सोळाव्या दिवशी नाव प्रतीक्षा यादीत जातं.

15 दिवस कुठून आले, हे तिथं कोणालाच सांगता येत नाही. आजार उलटल्यावर औषध बदलून बसायलाच दोन-चार आठवडे जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये आधारासह दाखल करून घेण्याची, म्हणजे माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नसताना त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करण्याची, जी तरतूद आहे (कलम 89), तिची मुदतच 30 दिवसांपर्यंत आहे. म्हणजे उपचाराला कायदा महिना धरतो आणि घर पंधरवड्यात सुटतं. त्याच कायद्याचं कलम 19 म्हणतं, कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्यासाठी कोणाला मनोरुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. कॉट गेली की नेमकं तेच होतं. डिस्चार्जचा कागद तयार असतो आणि पत्त्याची ओळ कोरी राहते.

संस्था वाईट हेतूनं हे करत नाही, हिशोब तसा आहे. तो बायकांच्या घरापुरता पाहू. मागितला की ताळेबंद दाखवतात, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट. महिना पंचवीस हजार घेणारी आणि पावतीसुद्धा न देणारी केंद्रं पाहिलेल्यांना त्याची किंमत कळेल. घरभाडं 11,000. किराणा, दूध, भाजी 12,500. दिवसाच्या ताई 12,000, रात्रीच्या मावशी 12,000, त्यांच्या सुट्टीला बदली 3,000. समाजकार्यकर्तीच्या पगारातला या घराचा वाटा 6,000. वीज वर्षाची सरासरी काढली तर 1,800, गॅस 1,300, रिक्षा-एसटी आणि रक्ताच्या तपासण्या 2,000, टँकर 700, दुरुस्ती आणि शिल्लक 2,000. एकूण 64,300, म्हणजे माणशी 12,860. पाच जणींकडून येतात 32,500. उरलेले 31,800 देणगीतून.

आता एक कॉट रिकामी झाली तर काय होतं? भाडं, ताई, मावशी, वीज तेवढीच राहते. कमी होतो तो फक्त एकीच्या जेवणाचा खर्च, साधारण 2,500. जमा मात्र 6,500 नं घटते. महिन्याला 4,000 चा खड्डा. देणगीवर चालणाऱ्या घराला तो जाणवतो, म्हणून कॉट भरायची घाई.

यातून वाट आहे आणि ती स्वस्त आहे. दवाखान्यात असताना अर्धी फी घ्यायची, 3,250, आणि जागा 60 दिवस राखायची. मग तूट किती? फी 3,250 नं कमी, जेवण 2,500 नं कमी. महिन्याला फक्त 750, दोन महिन्यांचे 1,500. दर महिन्याच्या शिल्लकीतून एवढं सहज निघतं. अर्ध्या फीतले 2,500 तर संजय गांधी निराधार योजनेच्या मानधनातूनच भागतात (दिव्यांगांसाठी ते 2025 मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं). इथं मुलीला किंवा भावाला ठेवायचा विचार असेल, तर करारावर सही करण्याआधी ही एक ओळ लिहून मागा. तोंडी 'बघू ना ताई, असं कसं काढू आम्ही' हे उत्तर मिळेल. ते मनापासूनचं असतं, पण समाजकार्यकर्ती बदलली की त्याला कोणी विचारत नाही.

दुसरी कच्ची बाजू कराराची. घरमालकाशी लिव्ह अँड लायसन्स करार संस्थेच्या नावे आहे. 11 महिन्यांचा आणि नोंदवलेला, हे चांगलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी बंधनकारकच आहे, आणि नोंदवलेला कागद असला की शेजाऱ्यांच्या दबावाखाली मालक आठवड्यात घर रिकामं करून मागू शकत नाही. पण राहणाऱ्या बाईच्या नावे काहीच कागद नाही. संस्थेशी बिनसलं, की घरही गेलं आणि औषधोपचारही गेले. जगभरच्या अनुभवातून नेमकी हीच गाठ सोडवायला शिकवलं जातं. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी 'हाउसिंग फर्स्ट' ही पद्धत रुजवली. तिच्यात घर आधी आणि घराचा करार वेगळा, उपचाराचं सगळं वेगळं. गोळ्या बंद केल्या म्हणून घर जात नाही, आणि भाडं उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे ते प्रमाण लावलं तर 2,500 मानधनाच्या बाईचं भाडं 750 रुपये होईल. तेवढ्यात घर चालत नाही हे खरं, पण फी ठरवताना उत्पन्न विचारायचंच नाही हेही बरोबर नाही. इथं 'सवलत' आहे, पण ती कोणाला, किती, हे कुठंही लिहिलेलं नाही.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे चेन्नईची 'द बनियन' ही 1993 साली सुरू झालेली संस्था आणि तिचा 'होम अगेन' हा उपक्रम. चार-पाच जणांनी साध्या वस्तीतलं भाड्याचं घर चालवायचं, सोबतीला प्रशिक्षित बाई, वर लक्ष ठेवायला टीम. जळगावचं घर उघडउघड त्याच वळणाचं आहे. आणि एक गोष्ट त्यांनी मनापासून उचलली आहे: राहण्याला मुदत नाही. दवाखाना आणि घर यांच्या मधला मुक्काम असलेल्या 'हाफवे होम'मध्ये बहुधा सहा महिन्यांनी, वर्षानी 'आता पुढं काय?' असं विचारतात. पुढं काय ते विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. इथं तो प्रश्न येत नाही.

आता घर. तळमजला, तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागं मोरी आणि धुण्याचा दगड. दोन खोल्यांत दोघी-दोघी, एकीत एकटी. ही एकटीची खोली सोडू नये. झोप उडालेल्या बाईला आठवडाभर वेगळं झोपता आलं, तर बाकीच्या चौघींची झोप वाचते, आणि घरात झोप वाचली की निम्मी भांडणं होतच नाहीत. दोन संडास, एक देशी, एक कमोड. आतल्या कड्या बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येतील अशा बसवल्यात. कोणी आत घेरी येऊन पडलं तर दार फोडावं लागत नाही.

खान्देशात घर निवडताना छत सगळ्यात आधी बघावं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत चढतो, आणि वरचा मजला थेट स्लॅबखाली असेल तर रात्री बारालाही भिंतीला हात लावून चालत नाही. हा नुसता गैरसोयीचा मुद्दा नव्हे. मनोविकाराच्या बऱ्याच औषधांमुळं शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी होते. हात थरथरू नयेत म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल घामच कमी करते. बायपोलरसाठी दिल्या जाणाऱ्या लिथियमचं तर गणितच पाणी आणि मिठावर चालतं. घाम खूप गेला, जुलाब झाले, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरानं थरथरायला लागणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या जाणं, बोलणं जड होणं ही लक्षणं दिसली तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा. बायकांच्या घरी हा कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे, मोठ्या अक्षरात. त्याखाली लाल शाईनं लिहिलंय: 'अंगदुखीला मेडिकलवरून गोळी आणायची नाही.' डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं, आणि त्या तर कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. हा कागद ज्यानं लिहिला त्याला दाद द्यायला हवी.

वटसावित्री, हरितालिका, नवरात्र. निर्जळी उपासाचं काय, हेही त्यांनी ठरवून ठेवलंय. लिथियम घेणारीनं निर्जळी करायची नाही, पाणी आणि मिठाचं ताक चालू ठेवायचं. हे डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घेतात, म्हणजे ताईंवर देवधर्म मोडल्याचा ठपका येत नाही. लुरासिडोन ही गोळी पोटभर जेवणासोबतच घ्यावी लागते, किमान 350 कॅलरी पोटात हव्यात, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. दोन केळ्यांच्या फराळावर ती वाया जाते. अशा बाईला उपासाच्या दिवशीही साबुदाण्याची खिचडी किंवा भगर-आमटी भरपेट वाढतात.

पाण्यात मात्र घर नापास. नळ रोज येत नाही, तीन दिवसांआड धरून चालावं लागतं, आणि गच्चीवर टाकी आहे 1,000 लिटरची. पाच जणी आणि एक मदतनीस, माणशी 70 लिटर म्हणजे 420. उन्हाळ्यात दोन कूलर रोज 80 लिटर पितात. दिवसाला 500, तीन दिवसांना 1,500. दोन दिवसांत टाकी कोरडी. मग टँकर किंवा अंघोळ रद्द. 2,000 लिटरची टाकी एकदाच बसवली की वर्षाला 8,400 चा टँकर वाचतो. एवढं साधं गणित अजून का जमलेलं नाही, देव जाणे. कूलरचंही लक्षात ठेवा: कोरड्या मे महिन्यात तो उत्तम चालतो, पण जूनमध्ये हवा दमट झाली की नुसता ओलावा फेकतो. तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात, आणि जाळी हवी. जाळी दोनच खिडक्यांना आहे.

औषधांची पद्धत या घराची सगळ्यात भक्कम बाजू. रात्रीचं जेवण साडेसातला. आठच्या सुमारास ओट्यावर पाच छोट्या स्टीलच्या वाट्या येतात, प्रत्येकीवर नाव कोरलेलं, भांड्यांच्या दुकानात कोरतात तसं. पायऱ्या तीन आहेत. नवी बाई पहिल्या पायरीवर: ताई पाकिटातून गोळी काढून वाटीत ठेवतात, ती समोर घेते. सहा ते आठ आठवडे नीट गेले की दुसरी पायरी: सात कप्प्यांच्या डबीतून ती स्वतः काढते, ताई फक्त बघतात. तिसरीत डबी तिच्याच कपाटात, आणि रविवारी रिकामे कप्पे आणि उरलेली पाकिटं मोजायची. मागं पडलं तर एक पायरी खाली. शिक्षा म्हणून नव्हे, आणि हे त्या चुकलेल्या बाईसमोर सगळ्यांच्या देखत बोलायचं नाही, असा नियम आहे. नियम पाळला जातो. घरात एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या. बाकी साठा ऑफिसच्या कपाटात.

चुकतं कुठं? तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे रंग. सरकारी ओपीडीतून या वेळी पांढरी गोळी मिळाली आणि पुढच्या वेळी त्याच औषधाची पिवळी, की 'ही माझी नाही' म्हणून नकार येतो. संशयाचा आजार असलेल्याला तर ते पुरेसं कारण आहे. जुनं रिकामं पाकीट जपून ठेवायचं आणि दोन्हींवरचं औषधाचं नाव शेजारी शेजारी दाखवायचं. इथं तसं करतात. दुसरं, सुट्ट्या. दिवाळीच्या आठवड्यात साठा संपला असं होऊ नये म्हणून वसुबारसेच्या आधी पंधरा दिवसांचं जास्त आणून ठेवावं लागतं. तिसरं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी जातात, इथल्याही जातात, ज्यांना कोणी बोलावतं त्या. दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं, औषध हळूहळू सोडणारं डेपो इंजेक्शन नेमकं त्याच आठवड्यात आलेलं असतं आणि गावात कोणी देणारं नसतं. तारीख आधीच बघून डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दोन दिवस अलीकडे घेणं सोपं असतं, पण ते वहीत कोणी तरी महिनाभर आधी लिहिलेलं हवं. या घराच्या वहीत तसा रकाना नाही. जोडावा.

प्रत्येकीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला तिच्याच अक्षरात एक कागद आहे: 'मी बिघडायला लागले की'. कोणाचं दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपणं, कोणाचं दिवसातून चार वेळा अंघोळ करणं, कोणाचं दुसऱ्याच्या हातचं न खाणं. खाली कोणाला फोन करायचा आणि कुठल्या दवाखान्यात नको. कायद्यातलं आगाऊ निर्देशपत्र (कलम 5) आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (कलम 14) हे याचंच औपचारिक रूप. तेवढं कागदावर आणायचं राहिलंय. रात्री-बेरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो फोनशेजारी लिहिलेला आहे, मावशींना पाठही आहे.

पुढच्या ओट्याला लोखंडी ग्रील आहे आणि रात्री दहाला त्याला कुलूप लागतं. जळगावात घरोघर लागतं, त्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते किल्लीचं. बायकांच्या घरात ती दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असते, कोणाचाही हात पोचेल अशी. पुरुषांच्या घरात रात्रीच्या मदतनीसाच्या खिशात. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीच्या एका निवासात आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं बाहेर पडू शकली नाहीत; 28 जण गेले. साखळदंडाला 2017 च्या कायद्यानं स्पष्ट मनाई केली, पण झोपलेल्या माणसाच्या खिशातली किल्लीही आगीच्या वेळी साखळीच. संस्थेनं आजच्या आज दुसरी किल्ली करून खिळ्याला लावावी. पन्नास रुपयांचं काम आहे. नोंदणीचं प्रमाणपत्रही मागा: बरे होत असलेले रुग्ण ठेवून सांभाळणारी कोणतीही जागा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवावी लागते. इथं ते आहे, ऑफिसात फ्रेम करून लावलंय.

जेवण घरचं आणि खान्देशी. आठवड्याची पाळी आहे: एक जण चिरते, एक जण पोळ्या-भाकरी, एक जण भांडी. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, थंडीत वांग्याचं भरीत, रविवारी वरण-बट्टी. ओलँझापिन आणि क्लोझापिन या मनोविकाराच्या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, साखर वाढते, हे माहीत असूनही शेवभाजी आठवड्यातून दोनदा होते आणि तेलाचा हात सैल आहे. महिन्याला वजन आणि कमरेचा घेर वहीत लिहितात, पण लिहून पुढं काही होत नाही. क्लोझापिनवाल्यांना बद्धकोष्ठ ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, ते जिवावर बेततं. कळण्याची भाकरी आणि पालेभाजी इथं औषधाइतकीच कामाची. क्लोझापिन सुरू केल्यावर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी लागते. ती वेळेवर होते.

घरात बोलणं अहिराणी, तावडी, थोडी हिंदी. ताई स्वतः अमळनेरकडच्या, त्यामुळं 'जेवन व्हयनं का?' असा आवाज स्वयंपाकघरातून येतो आणि नव्या बाईचा खांदा जरा सैल होतो. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या पावरी बोलणारीसाठी मात्र कोणी नाही. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती 'हो' म्हणते, आणि तो 'हो' फाइलमध्ये खरा म्हणून जातो.

कामाला तिघी जातात: एक डाळमिलमध्ये निवडायला, दोघी पापड-बिबडे करणाऱ्या गटात. गोळी आठला घेतली तर सकाळी साडेसहाला उठता येतं. टीव्ही बघत साडेदहाला घेतली तर आठच्या पाळीला डोळे उघडत नाहीत, चार दिवसांत काम जातं आणि लोक म्हणतात, 'हिला काम झेपत नाही.' जेवण साडेसातला ठेवण्यामागं हेच कारण आहे. मजुरीतून संस्था काही कापत नाही, पैसे बाईच्याच खात्यात. शाबास.

कागदपत्रांत समाजकार्यकर्ती पक्की आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये मानसिक आजार हे दिव्यांगत्व धरलेलं आहे. 40 टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र). मोजमाप 'आयडियाज' पट्टीनं होतं: स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि समज, काम, शिवाय आजार किती वर्षं आहे. नेहमीची चूक अशी की त्या दिवशी बाईला नटवून, पढवून नेतात. ती नीट बोलते आणि टक्के कमी पडतात. वाईट दिवसांत काय होतं ते सांगणारा माणूस सोबत हवा. प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं असतं. मुदत संपली की मानधन अडकतं, म्हणून तीन महिने आधी तारीख काढायची. 'निरामय' विम्याच्या मागं धावू नका, ती योजना राष्ट्रीय न्यासाची, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांच्यासाठी. मानसिक आजार तीत बसत नाही. रेशनकार्डावर नाव भावाच्या घरी असेल तर आधार जोडलेलं असल्यास आपल्या वाट्याचं धान्य जळगावच्या दुकानातूनही उचलता येतं. भावाला आधी सांगून ठेवावं, नाहीतर गावात दुकानदारासमोर वाद.

शेजाऱ्यांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही, फक्त संस्थेचा फोन नंबर दिलाय. पुरेसं आहे.

पुरुषांचं घर एक पायरी खाली. मदतनीस टिकत नाहीत. बारा तासांची रात्र, पगार 12,000, कोण टिकेल? चाकू कुलपात ठेवतात, त्यामुळं कोणी स्वयंपाकाला हातच लावत नाही, डबा बाहेरून येतो. बिडीचं तर कोणी डॉक्टरांना सांगितलेलंच नव्हतं. धुरामुळं क्लोझापिन आणि ओलँझापिन शरीरातून लवकर निघून जातं. बिडी पिणाऱ्याचा डोस त्या हिशोबानं बसलेला असतो; दवाखान्यात बिडी एकदम बंद झाली की तोच डोस जास्त होतो, गुंगी येते, लाळ गळते. मशेरीनं किंवा तंबाखूच्या पुडीनं असं होत नाही, हा परिणाम धुराचा आहे. दिवसाला किती बिड्या, हे औषधाच्या वहीत लिहायला हवं.

धुळे, नंदुरबार, चाळीसगावकडे असं घर काढायचा कोणाचा विचार असेल तर जागा शहरातच घ्या. गावाबाहेर देणगीत मिळालेला एकर मोहात पाडतो, पण ओपीडी, रक्त तपासणी, काम, किराणा सगळं दूर जातं आणि दोन वर्षांत त्याचा आश्रम होतो. जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. त्यामुळं जळगावचं, धुळ्याचं किंवा नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हाच जवळचा आधार, तिथपासून रिक्षानं वीस मिनिटांत पोचता येईल असं घर. पाचापेक्षा जास्त माणसं नकोत. आठ झाली की स्वयंपाकी लागतो, स्वयंपाकी आला की पाळ्या संपतात. घरकुल योजनांत दिव्यांगांना 5 टक्के आरक्षण (2016 च्या कायद्याचं कलम 37) आहे, आणि ग्रामपंचायत-नगरपालिकांना 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. टाकी, जाळ्या, इन्व्हर्टर यासाठी तो मागा.

बायकांच्या घराला पाचातले चार, पुरुषांच्या घराला अडीच. रोज दारू लागणाऱ्याला किंवा नुकताच तीव्र झटका चालू असलेल्याला हे घर नाही, तेवढं मनुष्यबळ इथं नाही. आधी तीन रात्री राहून बघता येतं, 600 रुपये. त्या तीन रात्रींत एक दिवस नळाचा आणि एक दिवस कोरड्या टाकीचा येईल असं बघून जा. सोबत युडीआयडी कार्ड, बँकेचं पासबुक, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि शेवटचा केस पेपर न्या. आणि स्वतःची गोधडी. संस्थेच्या चादरी पॉलिस्टरच्या आहेत, उन्हाळ्यात अंगाला चिकटतात.